माध्यमिक शाळेतील गृहशास्त्र : एका उपेक्षित विषयाची वाटचाल

शाळेच्या वेळापत्रकात काही विषय मानाच्या पाटावर बसतात, तर काहींना पंगतीच्या टोकाला जागा मिळते. गणित, इंग्रजी व शास्त्र हे पहिल्या वर्गातले. चित्रकला, हस्तव्यवसाय व गृहशास्त्र हे दुसऱ्या वर्गातले. परीक्षा जवळ आली की टोकाला बसलेल्यांचे तास काढून ते पाटावर बसलेल्यांना दिले जातात, आणि याबद्दल कोणाही पालकाची तक्रार नसते. गृहशास्त्राच्या पदरी ही उपेक्षा का आली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः अन्न, वस्त्र, आरोग्य, बालसंगोपन आणि घरखर्च हे या शास्त्राचे पाच आधारस्तंभ असून त्यांपैकी एकाशीही ज्याचा संबंध येत नाही असा मनुष्य जन्माला यावयाचा आहे. असे असता जे सर्वांच्या नित्य उपयोगाचे तेच शिक्षणात गौण का ठरावे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या विषयाभोवती दोन विचार सतत झुंजत आले आहेत. एक म्हणतो, स्त्रीला घरात राहावयाचे आहे, म्हणून तिला घरापुरते शिकवा. दुसरा म्हणतो, घर हे स्त्रीपुरुष सर्वांचे आहे, म्हणून ते चालविण्याची विद्या सर्वांस द्या. विषय तोच, धडे बहुतांशी तेच. परंतु हेतू बदलला की त्याचे सारे स्वरूप पालटते. ज्ञातिबंधुभगिनींच्या विचारार्थ ही कथा संक्षेपाने सांगण्याचा येथे हेतू आहे.

पूर्वपीठिका

इंग्रजी अंमलापूर्वी घर हीच मुलीची शाळा होती. आई, आजी, काकू यांच्या हाताखाली ती दळणकांडण, स्वयंपाक, शिवणटिपण, बाळंतिणीची शुश्रूषा आणि सणावारांची व्यवस्था शिकत असे. मुलगा वडिलांच्या हाताखाली धंदा शिके. हे ज्ञान पुष्कळ होते. पण ते लिहिलेले नव्हते आणि तपासलेलेही नव्हते. ज्या घरात शहाणी आजी असे तेथील मुली शहाण्या होत, आणि ज्या घरात अडाणी समजुती असत तेथे त्या समजुतीच पुढच्या पिढीस वारसा म्हणून मिळत.

नवी शाळा आली ती पुस्तके घेऊन. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली आणि स्त्रीच्या हाती अक्षर दिले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाचा जो आराखडा मांडला, तो आजही लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. मोडी व बाळबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरणाची तोंडओळख यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे धडे व आरोग्याचे धडे यांचा त्यांनी आग्रह धरला होता. शिक्षण हे जगण्याच्या कामी यावे, ही मागणी आपल्याकडे परदेशी तज्ज्ञांनी प्रथम आणली असा जो समज आहे, तो यावरून चुकीचा ठरतो.

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंचा ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले आणि नंतर केडगाव येथे मुक्तिसदनाचा मोठा प्रपंच उभारला. तेथे निराधार स्त्रियांना विणकाम, छपाई, शेती असे नाना उद्योग शिकविले जात. यातील मर्म असे की, ज्या स्त्रीला घरच उरलेले नाही तिला घरकामाचे शिक्षण देऊन काय उपयोग? तिला पोट भरण्याचे साधन हवे. हस्तकौशल्य हे संसाराची शोभा नसून स्वावलंबनाचा आधार आहे, ही जाणीव येथे प्रथम ठसठशीतपणे दिसते. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनाने हीच वाट पुढे नेली. शिवणकाम, परिचर्या व अध्यापन यांचे शिक्षण घेऊन तेथून बाहेर पडलेल्या स्त्रिया स्वतःच्या कमाईवर संसार उभे करू लागल्या.

हुजूरपागेचा वाद

१८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेच पुढे हुजूरपागा या नावाने महाराष्ट्रभर ख्यातनाम झाले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृती धुरीणांनी ही संस्था उभी केली. मुलींना इंग्रजी व इतर उच्च विषय शिकविण्याचा तिचा संकल्प होता. परंतु १८८७ च्या सुमारास ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून तिच्या अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठली. मुलींना मुलांप्रमाणे दिवसभर शाळेत अडकवू नये, इंग्रजीचा भार कमी करावा आणि गृहकृत्ये व धर्मनीती यांचे शिक्षण वाढवावे, असा त्या टीकेचा रोख होता.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला गोपाळ गणेश आगरकर उभे होते. १८८८ साली सुरू झालेल्या आपल्या ‘सुधारक’ पत्रातून त्यांनी स्त्रीशिक्षणाचा निर्भयपणे पुरस्कार केला. स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, हे त्यांच्या एका प्रसिद्ध निबंधाचे शीर्षकच त्यांचे मत सांगून जाते.

या वादात गृहशिक्षणाची मोठी हानी झाली, असे आज मागे वळून पाहता वाटते. गृहकृत्यांचा आग्रह धरणाऱ्यांनी तो स्त्रीच्या उच्च शिक्षणास बांध घालण्यासाठी धरला. साहजिकच उच्च शिक्षणाचे पुरस्कर्ते गृहशिक्षणाकडे संशयाने पाहू लागले. ज्या विषयाचे दोन्ही पक्षांनी स्वागत करावयास हवे होते, तो एका पक्षाच्या हातची ढाल बनला. हा डाग त्याच्या कपाळावरून पुढेही पुष्कळ काळ पुसला गेला नाही.

जपानचे पुस्तक आणि कर्व्यांचे विद्यापीठ

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी केला. हिंगणे येथील आश्रम व महिलाविद्यालय यांचा अनुभव त्यांच्या गाठी होता. अशा वेळी टोकियो येथील जपानी महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. जिंझो नारुसे यांनी १९०१ साली स्थापन केलेल्या त्या संस्थेत जपानी वाङ्मय व इंग्रजी वाङ्मय यांच्या बरोबरीने गृहविद्येचा स्वतंत्र विभाग होता. गृहविद्या ही उच्च शिक्षणाचा विषय होऊ शकते, हा विचार कर्व्यांना पटला. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ती प्रत्यक्षात उतरविली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास मिळाले.

या विद्यापीठाची दोन सूत्रे होती. पहिले, शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे. दुसरे, स्त्रीजीवनाच्या गरजा ओळखून अभ्यासक्रम आखावयाचा. म्हणून गृहव्यवस्था व आरोग्य यांना तेथे मानाचे स्थान मिळाले. पदवी घेणारी स्त्री ‘गृहीतागमा’ म्हणून गौरविली जाऊ लागली. स्त्रीला माता व गृहिणी म्हणून वेगळे शिक्षण हवे, या कर्व्यांच्या भूमिकेवर त्या काळीही आक्षेप घेतले गेले आणि आजही घेता येतील. तथापि न्यायबुद्धीने पाहता एक गोष्ट मान्य करावी लागते. हुजूरपागेच्या टीकाकारांना गृहशिक्षण हवे होते ते उच्च शिक्षणाच्या ऐवजी; कर्व्यांनी ते उच्च शिक्षणाच्या आत आणून बसविले. घराची विद्या ही पदवीच्या योग्यतेची आहे, असे या देशात त्यांनी मोठ्या धैर्याने सांगितले.

स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

परंतु केवळ पदवी देऊन शास्त्र होत नाही. त्यासाठी तपासलेले ज्ञान लागते. ते ज्ञान पश्चिमेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास येऊ लागले होते. अमेरिकेत कॅथरिन बीचर यांनी १८४१ साली गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहून तिला शालेय विषयाचे रूप दिले. पुढे एलन स्वॉलो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ विदुषीने त्याला प्रयोगाची जोड दिली. मॅसॅच्युसेट्स येथील सुविख्यात तंत्रविद्यालयात प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. पिण्याच्या पाण्याची तपासणी, अन्नातील भेसळ, घरातील हवा व सांडपाणी हे त्यांचे अभ्यासविषय होते. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे त्यांच्या पुढाकाराने दरसाल परिषदा भरल्या आणि १९०९ साली अमेरिकेतील गृहअर्थशास्त्र संघटना स्थापन झाली. घर स्वच्छ ठेवणे ही नुसती सवय नसून रसायनशास्त्राचा व जंतुशास्त्राचा व्यवहार आहे, हे त्यांनी जगाला शिकविले.

आपल्या देशात या ज्ञानाचे बीज दक्षिणेत कुन्नूर येथे रुजले. १९१८ साली तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीचे काम आरंभिले. गिरणीत फार सडलेल्या तांदळाबरोबर कोंड्यातील जीवनसत्त्व निघून जाते आणि त्यामुळे हा रोग होतो, ही गोष्ट आता शाळकरी मुलेही वाचतात. परंतु भात कसा सडावा, कसा शिजवावा, पेज टाकावी की प्यावी, हे प्रश्न त्यामुळे प्रथमच शास्त्राच्या दरबारात आले. कुन्नूरच्या प्रयोगशाळेचे संचालक आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांतील पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. आपली ज्वारी-बाजरी, आपल्या डाळी, आपल्या पालेभाज्या यांत काय आहे, हे आकड्यांनी कळू लागले. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस हलविण्यात आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था होय.

या कार्यात एका मराठी विदुषीचे नाव आदराने घेतले पाहिजे. डॉ. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत व पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. नीरा, कडधान्ये व तांदूळ यांसारख्या सामान्य जनांच्या आहारातील पदार्थांवर त्यांनी संशोधन केले आणि उत्तर आयुष्यात ग्राहक चळवळीत शिरून भेसळीविरुद्ध गृहिणींना सावध केले. प्रयोगशाळा व स्वयंपाकघर यांमधील भिंत किती पातळ आहे, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.

शिक्षणक्षेत्रात या शास्त्राला घर मिळवून देण्याचे श्रेय स्त्रीसंघटनांकडे जाते. जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली भरले. स्त्रियांच्या शिक्षणाचा विचार हाच त्याचा प्रधान हेतू होता. या परिषदेच्याच प्रयत्नातून १९३२ साली दिल्लीस लेडी आयर्विन महाविद्यालय उघडले आणि शाळांसाठी गृहशास्त्राच्या शिक्षिका तेथे तयार होऊ लागल्या. १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या कारकीर्दीत, १९५० साली, तेथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. आहारशास्त्र, बालविकास, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन व विस्तारकार्य अशा शाखाप्रशाखांनी हा वृक्ष बहरू लागला.

मुलांच्या हाती झारा आणि झाडू

येथवरची कथा मुलींची झाली. परंतु याच काळात महाराष्ट्रात अशा दोन ठिकाणी गृहविद्येचे शिक्षण चालू होते, जेथे तिला त्या नावाने कोणी ओळखीत नसे, आणि जेथे ती मुलांनाही दिली जात होती.

पहिले ठिकाण वसतिगृहांचे. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढविली. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या वसतिगृहांना त्या उदाहरणाने मोठी प्रेरणा मिळाली. त्यापूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे अथवा माधुकरी मागत असे. जो त्या मार्गानेही जाऊ शकत नसे त्याचे शिक्षण थांबत असे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. स्वावलंबन हे तेथील ब्रीद होते. स्वयंपाक, झाडलोट, पाणी, शेतकाम हे सारे विद्यार्थ्यांच्या हातून होई. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या लेकरांच्या मुखी घास पडावा म्हणून आपले दागिने मोडले. एका चुलीवर नाना जातींच्या मुलांनी भाकरी भाजावी व एका पंगतीत बसून खावी, हा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता. पण त्याहून मोठा गृहशास्त्राचा पाठ कोणता असणार?

दुसरे ठिकाण वर्ध्याचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण हे तिचे सूत्र होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्यावरून अभ्यासक्रम तयार केला. या समितीची एक शिफारस मात्र विचारात पाडणारी आहे. चौथ्या-पाचव्या इयत्तेत मुलींच्या सामान्य विज्ञानात गृहविज्ञानाचा समावेश करावा आणि सहाव्या-सातव्या इयत्तेत मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञानाचा वरचा अभ्यासक्रम घेता यावा, असे तिने सुचविले. म्हणजे एवढ्या क्रांतिकारक योजनेतही कागदावर घर पुन्हा मुलींच्याच वाट्यास आले. परंतु सेवाग्रामच्या प्रत्यक्ष व्यवहारात आशादेवी व आर्यनायकम् यांच्या देखरेखीखाली मुलगे व मुली दोघेही सफाई करीत, भोजनगृहात राबत आणि सूत कातीत. माध्यमिक दर्जाच्या उत्तर बुनियादी शाळेतही आपले अन्नवस्त्र आपल्या श्रमाने मिळविण्याचा प्रयत्न होई. कागदापेक्षा आचार पुढे गेला, असे येथे घडले.

स्वातंत्र्योत्तर आयोग

स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२-५३ साली आयोग नेमला गेला. त्याने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडून अभ्यासक्रमाचे सात गट पाडले: मानव्यविद्या, शास्त्र, तंत्रशिक्षण, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान. गृहविज्ञानाला इतर सहांच्या बरोबरीने स्थान मिळाले, हा मोठा विजय होता. परंतु व्यवहारात काय झाले? शास्त्राचा गट हुशार विद्यार्थ्यांचा, वाणिज्याचा नोकरीचा आणि गृहविज्ञानाचा मुलींचा, अशी वाटणी होऊन बसली. ज्या मुलीस गणित जड जाते तिने गृहशास्त्र घ्यावे, असा समज रूढ झाला. गणित सुटले की वैद्यकी, अभियांत्रिकी व शास्त्र यांची दारे बंद होत. ज्या विषयाचा पाया रसायनशास्त्रावर रचला गेला होता, तोच रसायनशास्त्रापासून मुलींना दूर नेण्याची पायवाट ठरावा, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही.

हा धोका प्रथम ज्यांच्या ध्यानी आला त्यांत हंसाबेन मेहता या होत्या, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. ज्या विदुषीच्या कारकीर्दीत बडोद्याची गृहविज्ञान शाखा निघाली, त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमातील भेदाचा विचार केला आणि लिंगभेदावरून अभ्यासक्रम निराळे करू नयेत, असा निर्वाळा दिला. घराविषयीचे ज्ञान हे मुलगे व मुली या दोघांच्याही शिक्षणाचा भाग असावे, अशी तिची दृष्टी होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने या समितीच्या विचारांस पुष्टी दिली. गृहशास्त्र मुलींवर सक्तीने लादू नये, तो ऐच्छिक विषय असावा, आणि मुलींना गणित व विज्ञान शिकण्यास उत्तेजन द्यावे, असे त्याने सांगितले. त्याचबरोबर सर्वांसाठी ‘कार्यानुभव’ हा नवा विचार मांडला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्यास ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे रूप दिले.

सिद्धान्त उत्तम होता. पण त्याचे दोन भाग झाले आणि पहिलाच भाग अमलात आला. गृहशास्त्र मुलींवरून सुटले, हे योग्यच झाले. परंतु ते मुलांवर बसले नाही. कार्यानुभवाच्या तासाला रंगीत कागदाची फुले, भेटकार्डे आणि दुकानातून विकत आणलेल्या वस्तू यांची चलती झाली. अशा रीतीने घराची विद्या मुलींच्या हातून गळाली, ती मुलांच्या हाती पोहोचलीच नाही. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यानंतर अकरावी-बारावीसाठी या विषयास मानव परिस्थितिकी व कुटुंबविज्ञान असे नवे नाव देऊन तो मुलामुलींसाठी सारखाच असल्याचे स्पष्ट केले. तथापि नाव बदलल्याने वर्गातील बाके लगेच भरत नाहीत.

पुन्हा जपान

ज्या जपानकडून कर्व्यांनी स्फूर्ती घेतली, त्या देशाने या प्रश्नाचे काय केले? तेथेही १९७३ पासून उच्च माध्यमिक शाळांत गृहविद्या फक्त मुलींना सक्तीची होती. फुसाए इचिकावा यांच्यासारख्या ज्येष्ठ कार्यकर्तींनी याविरुद्ध चळवळ उभारली. विषय रद्द करा, अशी मागणी त्यांनी केली नाही. तो मुलग्यांनाही शिकवा, अशी केली. १९८५ साली जपानने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि १९९३ पासून कनिष्ठ व १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळांत गृहविद्या मुलगे व मुली या दोघांसाठी सक्तीची झाली. तेव्हापासून तेथील मुलगाही शाळेत भात शिजवितो, गुंडी लावतो, जमाखर्च मांडतो आणि वृद्धांच्या व बालकांच्या संगोपनाचे धडे घेतो. आपण जपानपासून पहिला धडा १९१६ साली घेतला. दुसरा घ्यावयाचा अद्याप राहिला आहे.

तो किती निकडीचा आहे हे दोन आकडे सांगतात. भारत सरकारने २०१९ साली केलेल्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की, घरातील विनामोबदला कामे करणारी स्त्री त्यांवर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करते, तर अशी कामे करणारा पुरुष ९७ मिनिटे. शिवाय अशी कामे करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१ टक्के, तर पुरुषांत अवघे २६ टक्के होते. दुसरा आकडा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आहे. १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांत ५७ स्त्रियांस रक्तक्षय होता. म्हणजे जी सर्वांना वाढते तिच्याच पानात कमी पडते. घरात अन्न असूनही हे घडते, तेव्हा तेथे उणीव असते ती केवळ धान्याची नव्हे, ज्ञानाची व न्यायबुद्धीचीही असते.

काही शुभचिन्हेही दिसतात. २०१९ साली बालभारतीने इयत्ता दुसरीच्या पुस्तकात आई व वडील दोघे मिळून भाजी निवडीत असल्याचे चित्र छापले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांना हस्तव्यवसायांचा प्रत्यक्ष परिचय व दहा दिवस दप्तराविना शिक्षण यांची तरतूद केली. आता ‘जीवनकौशल्ये’ हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. त्यात विचारशक्ती, निर्णयशक्ती, सहानुभूती यांचा समावेश होतो, हे चांगलेच. परंतु ज्यास ताप मोजता येत नाही, औषधाच्या वेष्टनावरील मुदत वाचण्याची सवय नाही, दोन माणसांचा वरणभात करता येत नाही, आणि दूरध्वनीवरून कोणी बँकेचा अधिकारी म्हणून बोलू लागताच जो गुप्त आकडे सांगून मोकळा होतो, त्याने निर्णयशक्तीवर कितीही व्याख्याने ऐकली तरी त्याचे कौशल्य अपुरेच म्हणावे लागेल.

आपले कर्तव्य

ज्ञातिसंस्थेचा या साऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. शाळा जे शिकविते ते घर टिकविते अथवा पुसून टाकते. आणि घरांचा समुदाय म्हणजेच आपले मंडळ. आपल्या वधूवर-सूचीचे कोणतेही पान उघडावे. ‘गृहकृत्यदक्ष’ हे विशेषण वधूच्या नावापुढे हमखास आढळते. ती वैद्य असो, अभियंता असो वा प्राध्यापिका असो, हे विशेषण तिचा पाठलाग सोडीत नाही. वराच्या नावापुढे मात्र शिक्षण, पगार व उंची एवढेच असते. हुजूरपागेचा वाद एकोणिसाव्या शतकात संपला असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पान जरूर पाहावे. तो वाद तेथे अद्यापि चालू आहे.

आज आपली मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे-मुंबईपासून बेंगळुरूपर्यंत आणि तेथून परदेशापर्यंत पसरली आहेत. पूर्वीची एकत्र कुटुंबे राहिली नाहीत. घरोघरी माणसे मोजकी आणि वृद्धांची शुश्रूषा मात्र वाढलेली. अशा घरात एकानेच घर सांभाळावे ही व्यवस्था न्यायाची तर नाहीच, पण व्यवहाराचीही नाही. म्हणून तीन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. पहिली, सुटीतील संस्कारवर्गांत व वसतिगृहांत मुलगे व मुली या दोघांनाही पाककृती, प्रथमोपचार, शिवणटिपण, विजेच्या व पाण्याच्या किरकोळ दुरुस्त्या आणि जमाखर्च हे सारखेच शिकवावे. मुलींना पोळी आणि मुलांना वीज अशी वाटणी करू नये. दुसरी, गुणवंतांच्या सत्कारात केवळ टक्केवारी न पाहता हातच्या कामाचाही गौरव व्हावा, आणि गृहविज्ञानाची उच्च पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यास, मग तो मुलगा असला तरी, शिष्यवृत्तीत समान मान मिळावा. तिसरी व सर्वांत स्वस्त सूचना अशी की, पुढील वर्षापासून सूचीतील ‘गृहकृत्यदक्ष’ हे विशेषण एक तर दोघांच्याही नावापुढे छापावे, अथवा कोणाच्याच नाही.

साताऱ्याच्या वसतिगृहात ज्यांनी एका चुलीवर भाकऱ्या भाजल्या, त्या मुलांतून पुढे शिक्षक, अधिकारी व लोकसेवक निपजले. चुलीपाशी बसल्याने त्यांच्या पौरुषास उणेपणा आला नाही, की विद्येस बाध आला नाही. ज्या समाजाने आपली मुलगी शाळेत धाडण्यासाठी एके काळी लोकनिंदा सोसली, त्या समाजास आपला मुलगा स्वयंपाकघरात धाडणे जड जाऊ नये. पहिले काम आपल्या पूर्वजांनी केले. दुसरे आपल्या वाट्यास आले आहे. ते आपण याच पिढीत पुरे करू या, एवढी प्रार्थना करून हा लेख येथे आटोपतो.